बोरूच्या वळणाची लग्नपत्रिका

चिखलीच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो. शिक्षण चौथी; पण शिशाचं उलटं अक्षर मला सुलट्यापेक्षा लवकर वाचता येई.

महाराष्ट्र राज्य नवीनच झालेलं. मालकांनी मुंबईहून एका नव्या वळणाचं अक्षर आणलं. बोरूनं लिहिल्यासारखं, कुठं जाड, कुठं केसाएवढं बारीक. वेलांटीची शेपटी शेजारच्या अक्षरावर गेलेली. मालक म्हणाले, "हे फक्त नवरानवरीच्या नावाले लावजो. दागिना आहे तो, अंगभर नाही घालत कोणी."

माझ्या पोरीचं लग्न ठरलं आणि मी अख्खी पत्रिका त्यातच जुळवली. तिथी-वेळसुद्धा. गावाला कळू दे म्हटलं, कारागीर कोण आहे.

बायको त्या साली दुपारी बायांच्या साक्षरता वर्गाला जायची. पहिलं पुस्तक संपवलं होतं. आमच्यात पहिली पत्रिका हळदकुंकू लावून देवापुढं ठेवतात. ती म्हणाली, "ठेवण्याआधी मी वाचणार. पोरीचं नाव मी वाचणार."

जावा, नणंदा, सोयरे जमले. तिनं पदर सावरला, ओळीवर बोट ठेवलं. 'श्री' म्हणाली आणि थांबली. बोट पुढं जाई, मागं येई.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मास्तरीणबाई, वर्गात काय बोरं खाऊन राह्यल्या होत्या?"

घर हसलं. मी जास्त हसलो.

ती हळूच म्हणाली, "हे अक्षर माह्या पुस्तकात नाही."

मी पत्रिका ओढून घेतली आणि घडाघडा वाचली.

चार दिवसांनी जानेफळचे साडू पत्रिका घेऊन दारात. सातवी शिकलेला माणूस. "बाप्पा, लग्न किती वाजता हाये? काहीच उमजून नाही राह्यलं!" मी वेळ सांगितली. बायको आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. टोमणा मारायचा हक्क होता तिला. मारला नाही. मीही 'चूक माझी होती' म्हणालो नाही. ती पुन्हा वर्गाला गेली नाही. मी विचारलंही नाही, काऊन जात नाहीस म्हणून. बरंच वाटलं असेल मला, खोटं काय सांगू.

इतक्या वर्षांनी, औंदा बायको वारली. तेरवीची पत्रिका मीच जुळवायला बसलो. साध्या, ठळक अक्षराचा खण ओढला. तिच्या पुस्तकात होतं तसं. मालक जवळ आले. "काऊन रे, निदान बायकोच्या नावाले तरी ते वळणाचं अक्षर लाव."

"नाही. तिले हे वाचता येत होतं," मी म्हणालो.

तिला वाचता येतं, हे मी त्या दिवशी देवापुढं, हसणाऱ्या घरासमोर बोलायला पाहिजे होतं. बोललो ते छापखान्यात, एकट्या मालकासमोर, ती ऐकायला नसताना.