लांब दिलेली लेक

देवीकडे मी आजवर पुष्कळ काही मागितलं, पण एखादी गोष्ट होऊ नये म्हणून साकडं घालायला निघाले ती आयुष्यात एकदाच. माझ्या लेकीला नोकरी मिळू नये, हे मागायला मी अंबाजोगाईला चालले होते. आणि जिच्याविरुद्ध मागायचं ती लेक बसमध्ये माझ्याच शेजारी, माझ्या खांद्यावर डोकं टेकून, ओठातल्या ओठात इंग्रजी पुटपुटत बसली होती. तिच्या केसांना मीच सकाळी तेल लावून दिलं होतं. मांडीवरच्या पिशवीत देवीच्या ओटीचं सामान होतं. मला स्वतःची लाज वाटत होती का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं की त्या वेळी वाटत नव्हती. आई आहे मी, माझा तेवढा हक्क आहे, असंच मनात घोळत होतं.

आमचं गाव वडवणी तालुक्यातलं आणि घर मेंढपाळाचं. लेकीचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. मी गावच्या अंगणवाडीत सेविका, त्यामुळे मला गाव सोडता येत नाही. वर्षातले कितीतरी महिने घरात आम्ही दोघीच. ही एकुलती एक पोर शेळ्यांमागे फिरत शाळा शिकली, पुढे अंबाजोगाईला राहून समाजकार्याची पदवी घेतली आणि जिल्ह्यातल्याच एका लहानशा संस्थेत कामाला लागली. मेंढपाळांच्या बायकांचे गट बांधायचे, करडं-कोकरं आजारी पडली तर काय करायचं ते शिकवायचं, असं ते काम. दिवसभर कुठेही भटको, दिवेलागणीला ती घरी असायची. मला जगाकडून याहून जास्त काही नको होतं.

मग ते परदेशी संस्थेचं आलं. पुष्कळ देशांत काम करणारी मोठी विकाससंस्था. केनियात कोरडवाहू मुलूख आहे म्हणे, तिथली माणसं आपल्यासारखीच जनावरं घेऊन फिरतात. त्यांच्या बायकांबरोबर काम करायला त्यांना असं माणूस हवं होतं, ज्याने हे जगणं घरातच पाहिलंय. लेकीने अर्ज केला तेव्हा मी हसले होते. म्हटलं, कुठे केनिया आणि कुठे आपली वडवणी! पण पहिली चाळणी झाली, दुसरीही झाली, तेव्हा माझं हसू मावळलं. ती संध्याकाळी अंगणात शेळ्यांसमोर उभी राहून इंग्रजीचा सराव करायची. आमच्या शेळ्यांना आता माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी कळत असेल. मी चुलीपाशी बसून ऐकायची आणि एकही शब्द न कळता मला सगळं कळायचं.

माझी भीती काही जगावेगळी नव्हती. परमुलखात ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील, खाण्याचं काय, भाषा निराळी, माणसं निराळी, त्यात पोर बिनलग्नाची. भावकीतल्या बायका तर बोलायला टपलेल्याच होत्या. पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक होतं, आणि ते मी कुणाजवळ बोलले नव्हते. मला त्या घरात एकटीने राहायचं नव्हतं.

तिच्या वडिलांना मी फोनवर एकदा म्हणाले होते, तुम्ही तरी नको म्हणा. ते तिकडे कुठल्याशा माळावर मेंढरं बसवून बोलत होते.

"कावून एवढी धास्ती घ्यायलीस? आपल्यात कोण एका जागी ऱ्हायलंय?"

"तुमचं जाणं मेंढराच्या पायानं असतंय. मनात आलं की यष्टीत बसून मी तुमच्यापाशी येते. तिथं काय, इमानाला हात दाखवू का?"

ते खूप हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरगी लई कष्टानं तिथवर गेलीया. आपुन दार धरून उभं ऱ्हायचं न्हाई." मी फोन ठेवून दिला. ज्याला वर्षातून आठ महिने घर सोडायची सवय आहे त्याला दाराची किंमत काय कळणार, असं पुटपुटले. लेकीजवळ मात्र मी यातलं काहीही काढलं नाही. एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकायची नाही, पण इथे मी तोंडाला कुलूप लावलं. वरून 'दे गं बाई मुलाखत, होईल चांगलं' असं म्हणत राहिले आणि आतून जोगाईच्या पायाशी जायचा दिवस शोधत राहिले.

तो दिवसही लेकीनेच आणून दिला. शेवटची मुलाखत फोनच्या पडद्यावर व्हायची होती, आणि आमच्या गावात जरा वारा सुटला की नेटवर्क जातं. म्हणून ती अंबाजोगाईला मैत्रिणीच्या घरी बसणार होती. मी म्हणाले, मीपण येते, तेवढंच दर्शन होईल. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि चल म्हणाली. मैत्रिणीच्या दारात ती वाकून माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला, आणि तसंच वळून देवळाची वाट धरली. एका तोंडाने आशीर्वाद आणि दुसऱ्या तोंडाने साकडं, असा माझा तो कारभार होता.

देवळात गर्दी होती. रांगेत माझ्यापुढे एक वयस्क बाई होत्या. सुती लुगडं, पाठीला बाक, आणि गुडघे इतके दुखत असावेत की प्रत्येक पायरीला त्या कठड्याला धरून थांबत. मी सवयीने त्यांच्या दंडाला धरलं. अंगणवाडीत दिवसभर लहानांना धरून चालवायचं, तर मोठ्यांना धरायला काय लागतं! त्यांनी वळून विचारलं, "तुम्ही इकडच्याच ना?"

"हाव. माहेर इथून जवळच हाय."

"भाग्यवान आहात हो. मनात आलं की भेटता तिला. आम्ही कोकणातले. आमची मुलगी ही, इतक्या लांब तुमच्यात येऊन राहिली. आमचं कुठे सारखं येणं होतं? मी तर किती वर्षांनी आले." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात थंड होते. "पण तुम्ही लोकांनी तिला काही कमी पडू दिलं नाहीत. फार उपकार आहेत तुमचे."

आधी मला वाटलं, त्यांची कुणी मुलगी इथे दिलेली असेल. मग कळलं, की त्या देवीबद्दल बोलत होत्या. मी गडबडून मागे पाहिलं, न जाणो दुसऱ्या कुणाला म्हणत असतील. कारण मी त्या देवीचं काय केलं होतं? लहानपणापासून तिच्यापुढे हात पसरण्यापलीकडे काहीच नाही. तरी त्या बाई अख्ख्या कोकणाच्या वतीने माझे आभार मानत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

योगेश्वरीची, म्हणजे आमच्या जोगाईची, गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. देवी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड इथवर आलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथेच राहिली, तशीच, बिनलग्नाची. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल आणि अंगणवाडीतल्या मुलांना सांगितलीही असेल. पण ऐकली ती नेहमी आमच्या बाजूने. देवी आमच्याकडे आली, आमची झाली, आनंद आहे. जिथून ती निघाली तिथे मागे कुणी राहिलं असेल, तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलं असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. समुद्राकाठची पोर आमच्या या उन्हाच्या मुलखात आली. कुणाची ओळख नाही, बोली निराळी, खाणं निराळं. आणि माझ्यासारख्या कुठल्या कुठल्या बायकांनी तिची ओटी भरली, तिला लेणं-लुगडं केलं, तिला आई म्हटलं. तिला काही कमी पडलं नाही.

रांग सरकत सरकत मी गाभाऱ्यापाशी आले. सकाळपासून घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं: बाई, माझ्या पोरीला लांब जाऊ देऊ नको. देवीच्या मुखाकडे पाहिलं आणि ते वाक्य मला बोलता येईना. हे मी मागत कुणाला होते? जी स्वतः बिनलग्नाची, एवढ्या लांब येऊन राहिली, तिला? माझे हात ओटी भरत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुजारी म्हणाले, "चला बाई, पुढं चला." मी फक्त एवढंच म्हणू शकले, "आता तूच बघ." मागणं असं काही झालंच नाही.

प्रसादाचा तांबूल तोंडात टाकून मी खांबाला टेकून बसले तोच फोन वाजला. लेकीचा आवाज बसलेला होता.

"आई, समदं चांगलं झालं. पण शेवटी त्यांनी विचारलं, दोन-तीन वर्षं तिकडंच ऱ्हावं लागंल, घरच्यांची तयारी हाय का? मला बोलताच येईना. आईला विचारून सांगते म्हणलं. संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाले. तुझ्या मनात न्हाई ते ठाऊक हाय मला. तू न्हाई म्हणलीस तर मी तसं कळविते. मला राग न्हाई येणार, आई."

मी एवढं कुलूप लावून बसले होते आणि किल्ली आधीपासून तिच्याच हातात होती. तिला सगळं ठाऊक होतं, तरी ती माझ्या पाया पडून आत गेली होती. सकाळी न वाटलेली लाज मला आता वाटली. देवीने काही केलं असेल तर ते एवढंच, की हा प्रश्न माझ्यापर्यंत यायला थोडा उशीर केला. सकाळी आला असता तर मी काय बोलले असते, ते मला चांगलं माहीत आहे.

"जाते म्हणून कळव," मी म्हणाले. "आईची तयारी हाय म्हण."

"आई, तू रडायलीस?"

"न्हाई गं. तांबुलातली लवंग लागली."

फोन ठेवून मी त्या कोकणातल्या बाईंना शोधायला उठले. त्यांना काहीतरी सांगावंसं वाटत होतं, काय ते नक्की ठाऊक नव्हतं. बाहेर आले तर त्या एका बसच्या खिडकीत दिसल्या, बस परळीच्या रस्त्याला लागलेली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या बाईंना देवीने पाठवलं का, असं मला लोक विचारतात. मी वाद घालत नाही. गेल्या त्या बसनेच, एवढं मी पाहिलंय.

नोकरी मिळाली. ती बातमी आली तेव्हा मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते, त्या दिवशी सगळ्यांना जरा जास्तच वाढली गेली. मेंढरं भावाच्या हवाली करून तिचे वडील निरोपाला आले. मला हसणारा तो माणूस बस सुटल्यावर फेट्याच्या शेवात तोंड घालून रडला आणि मलाच त्यांना धरून घरी आणावं लागलं. घर रिकामं झालं ते झालंच. देवीवर भार टाकला म्हणून संध्याकाळ लहान होत नाही. पण भार टाकलेला असला की माणूस ती संध्याकाळ काढू शकतं, एवढं मी शिकले.

ज्याची भीती होती तेही झालं. तिकडे गेल्यावर लेकीला ताप आला आणि ती अंथरुणाला खिळली. मला तिने बरी झाल्यावर सांगितलं, त्याबद्दल माझ्या शिव्याही खाल्ल्या. ती राहते त्या घरची म्हातारी मालकीण रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून होती. मी म्हणाले, मला दाखव ती बाई. फोनच्या पडद्यावर एक काळीसावळी, दात पडलेली, हसरी आजी आली. माझी भाषा तिला नाही, तिची मला नाही. मी हात जोडले आणि म्हणाले, "लई उपकार झाले, माय." तिने हसत हसत बरंच काही सांगितलं. मी लेकीला विचारलं, काय म्हणतात? लेक म्हणाली, "म्हणायल्यात, तुमची पोरगी लई बोलती."

आता अंबाजोगाईला गेले की माझ्यापाशी मागायला फारसं काही नसतं. मागणारे पुष्कळ असतात, रांग लांब असते, माझ्या वाट्याला क्षणभरच येतो. तेवढ्यात मी ओटी भरते, देवीच्या मुखाकडे नीट बघते आणि हळूच विचारते, "जेवलीस का गं, माय?" पुजारी पुढे सरका म्हणतात, मी सरकते.