भिंतीवरची वाटी

हे मी आजवर कोणापाशीच बोलली नाई. पोलिसांपाशी नाई, वकिलापाशी नाई, देवापाशीही नाई — अन् देवापाशी तं मी इथं आल्यापासून रोज बोलतो. तुम्ही माह्ये कोणी नाई, म्हणून तुम्हाले सांगणं सोपं जाईन असं वाटलं. जाते का, पाहू.

आधी हे ऐकून घ्या का मले फाशी झालेली हाये. वरच्या कोर्टानंही तीच ठेवली. आता दयेचा अर्ज तेवढा बाकी. लोकांले वाटते, फाशीची बाई म्हणजे दिवसभर भिंतीकडे पाहत रडत असन. कायचं! मी सकाळी उठतो, खोली झाडतो, तेलाच्या डब्यात लावलेल्या तुळशीले पाणी घालतो. एक बोकी येते, तिले मी जेलरीण म्हणतो, कारण ती तपासणीले आल्यावाणी एकेक कोपरा हुंगून जाते. शालू मॅडमची माह्या खोलीवर ड्युटी असते. जेवणात मीठ कमी असलं का त्या माह्यापाशीच कुरकुर करतात, जसं काही मीच रांधलं. एकदा मी म्हटलं, मॅडम, माह्या हातचं खायची हिंमत हाये का तुमची? त्यांचा चेहरा उतरला. मग हासल्या. आता दोघी हासतो. त्यांनीच ही वही देली, अन् पेन रोज संध्याकाळी मोजून परत घेतात. चांगली बाई हाये.

हासण्यासारखं नाई ते, मले समजते. माहा गुन्हाच तो हाये — खाऊ घालणं. नवरा अन् सासू. भाजीत फवारणीचं औषध. काऊन केलं ते कोर्टात सांगून झालं, इथं उगाळत नाई; सांगितलं का ते सबबीवाणी वाटते. त्या दोघांचं मी पहिल्याच दिवशी कबूल केलं. तिसरी मंदा. मंदाचं मात्र मी आजवर म्हणत आली का ते चुकीनं झालं, मले माहीतच नव्हतं.

मंदा — कसं सांगू तुम्हाले? नाचणगावात आमच्या अन् तिच्या आंगणामधात कमरेएवढी भिंत होती. मी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं भिंतीवरून वाटी पुढे केली. अंबाडीची भाजी होती, वर चिरलेला कांदा. म्हणे, "वाटी रिकामी नको देजो वं, नाईतर बोलणार नाई." आमच्याकडे तशी रीतच हाये, शेजारची वाटी रिकामी परत करत नाईत, पण मंदाची रीत म्हणजे कायदा होता. तवापासून ती एकच वाटी इकडून तिकडे, तिकडून इकडे. काठाले पोचा आलेली स्टीलची वाटी. झुणका गेला, आंबील आली. कोणाच्या लग्नातल्या बुंदीचा चुरा आला, तं मी मुठभर भाजलेले शेंगदाणे देले. घरात काहीच नसलं तं साखरेची चिमूट टाकून देवो. एकदा तिनं माह्या नव्या साडीले खिडकीचा पडदा म्हटलं, म्हणून आम्ही आठ दिवस बोललो नाई. तरी वाटी चालू होती. ती येऊन वाटी ठेवे, अन् मले दिसन असं तोंड फिरवून जाये. नवव्या दिवशी म्हणे, "पडदा चांगला दिसते तुले." अशी होती ती.

नवरा लवकर गेला तिचा. एक पोरगी, वैशू. ती मले मावशी म्हणे, दोन्ही घरी जेवे. मले लेकरू झालं नाई, अन् खरं सांगतो, वैशू होती म्हणून ते एवढं टोचलंही नाई. मंदा गेली तवा पोरगी अकरा वर्षांची, शाळेत होती. मग मामानं तिले तळेगावले नेलं.

सात वर्षांनी ती इथं भेटीले आली. काचेपलीकडे बोलायचा फोन कानाले लावून मंदाच बसली होती — तेच नाक, तीच मान वाकडी करायची सवय. मले वाटलं, थुंकाले आली असन. थुंकली असती तं बरं झालं असतं का? तिनं एकच गोष्ट इचारली. म्हणे, "मावशी, कोर्टाच्या कागदात लिहिलं हाये का वाटी भिंतीवर सापडली, रिकामी. माही आई रिकामी वाटी काऊन ठेवन?"

एवढ्या मोठ्या खटल्यात हा प्रश्न कोणालेच पडला नव्हता. पडन कसा? कोर्टात कोणी नाचणगावचं नव्हतं.

मी म्हटलं, "जीव घाबरला असन तिचा, बाई. सुचलं नसन." अन् मग तेच सांगितलं जे कोर्टाले सांगितलं होतं — मी मागे धुणं धुवत होती, सासूनं वाटी केव्हा भरून देली मले माहीत नाई, माहीत असतं तं झडप घालून पाडली असती. वैशू रडली. म्हणे, मले वाटलंच होतं मावशी, तू आईले कायले मारशीन.

तवापासून ती येते. आता पिपरी मेघेले खोली करून राहते, लहान्या पोरांच्या शाळेत शिकवते. सुट्टीच्या दिवशी बसनं धक्के खात येते, अन् थोडासाच वेळ भेटते तरी आधी माही तब्येत इचारते. मले रागवते. केसाले तेल लावलं नाई, गोळी घेतली नाई. कोण रागवते वं फाशीच्या बाईले? मले ते रागवणं महिनाभर पुरते. अन् दयेच्या अर्जाले तिनं स्वतःहून कागद जोडला — माह्या आईचा जीव चुकीनं गेला, मावशीबद्दल माह्या मनात राग नाई. वकील म्हणे, साऱ्या फाइलीत हा एकच कागद कामाचा हाये.

इथंवर सारं ठीक चाललं होतं. मी असंच चालवलंही असतं.

पण मागच्या भेटीत ती लाजत लाजत म्हणे का लग्न ठरलं. पोरगा चांगला हाये, हासरा हाये. मी काचेवरच हात ठेवला. मग म्हणे, "मावशी, पाटोडीचा रस्सा सांग ना कसा करायचा. आई म्हणे तुह्यासारखा कोणालेच येत नाई." आजूबाजूच्या भेटीवाल्या बाया पाहू लागल्या. मी सांगाले लागली. बेसनात ओवा किती, पाणी कसं उकळू द्यायचं, पाटोडी थापायची तं ताटाले तेल लावून, रश्श्याले खोबरं अन् खसखस भाजून. ती कागदावर उतरवून घेत होती, मधामधात थांब थांब म्हणत होती. मले लय बरं वाटून राह्यलं होतं. इतक्या वर्षांनंतर कोणीतरी माह्याकडून रांधणं शिकत होतं. अन् शेवटी माह्या तोंडून आपोआप निघालं — "गरम गरम खाऊन घेजो."

वैशूले वाटलं फोनचा आवाज गेला, ती पलीकडून हॅलो हॅलो करत राह्यली.

कारण हेच वाक्य मी तिच्या आईले म्हटलं होतं.

मी धुणं धुवत नव्हती. मी चुलीपाशी होती, दार उघडं होतं, आंगण पूर्ण दिसत होतं. सासूनं वाटी भरली. आयुष्यभर चिमूटभर मीठ द्याले कुरकुरणारी ती बाई, त्या दिवशी म्हणे, मंदीले पाटोडी आवडते. मंदानं भिंतीवरून मान लांबवून मले इचारलं, तुह्या हातची का बुढीच्या? मी म्हटलं, माह्या. गरम गरम खाऊन घेजो.

कोणी म्हणाले लावलं होतं का मले? नाई. एक 'नको' म्हटलं असतं तं पुरलं असतं. पण सासू तिथंच उभी होती, तिले कळलं असतं, अन् मग आत ताटं वाढली गेली नसती. मले ताटं वाढायची होती. मनात आलं — सासू आत वळली का भिंत ओलांडतो अन् वाटी उलटी करतो. कमरेएवढी भिंत, शंभरदा पदर खोचून ओलांडली होती. सासू आत वळली. मी भाकर टाकली.

अन् अजून बाकी हाये. हे सांगाले इतकी पानं लागली मले.

आत दोघांचं जेवण झालं होतं. तवा मंदा पुन्हा भिंतीपाशी आली. चांगली पायावर उभी होती. म्हणे, "वाटी ठेवली वं. आज पोटात जळजळून राह्यलं, तिखट झालं का?" पुलगावचा दवाखाना किती दूर होता? नाचणगावातून आवाज देला तरी पुलगावात जाईन, इतकंच अंतर. मी म्हटलं, पाणी पी. ती मान वाकडी करून हासली अन् घरात गेली. त्यानंतर मी तिले उभं पाह्यलं नाई.

काल वकील आले होते. मी त्यायले म्हटलं, वैशूचा कागद अर्जातून काढा. ते म्हणे, डोकं ठिकाणावर हाये का बाई, तोच तं आधार हाये. मी म्हटलं, तो कागद एका खोट्यावर लिहिलेला हाये, काढा. शुक्रवारी वैशू येणार हाये, लग्नाची साडी कोणत्या रंगाची ते सांगाले. मी तिले आधी हे वाचून दाखवीन. मग तिनं फोन ठेवला तं ठेवला. रंग नाई सांगितला तं नाई. माफी मी मागणार नाई. ती देऊन बसली तं मी कुठं ठेवू?

फक्त तिचा तो पहिला प्रश्न राह्यला हाये, त्याचं उत्तर तिले भेटलं पाहिजे.

वैशू, तुह्या आईनं वाटी रिकामी ठेवली नव्हती. जेवण झाल्यावर तिनं ती घासली, अन् पोटात जळजळत असतानी बसून माह्यासाठी हिरवे हरभरे सोलले. शिगोशीग भरली होती. मले आवडतात म्हणून. ती घरात गेल्यावर मी वाटी उचलली, चुलीपाशी बसून एकेक करून सारे खाल्ले. कवळे होते. मग रिकामी वाटी भिंतीवर मीच ठेवली.