फुटलेल्या आवाजांचे सर

माणसांना नावं असतात, यावर आमच्या शाळेतल्या संगीताच्या सरांचा कधीच विश्वास नव्हता. नाव काय, आईबापांनी बाराव्या दिवशी घाईघाईत ठेवलेलं असतं. पट्टी मात्र माणसाची स्वतःची असते, असं त्यांचं म्हणणं. पेटीच्या ज्या सुरात आपला आवाज ओढाताण न होता बसतो, ती आपली पट्टी. सरांच्या लेखी अख्खी शाळा म्हणजे काळी एक, काळी चार, पांढरी पाच अशी माणसं होती. शिपाईमामांना ते बिनदिक्कत सांगत, ‘सातवीतली काळी पाच घेऊन या, दोन वेण्यांची.’ मामा सातवीच्या दारात जाऊन नुसते उभे राहत, आणि बरोबर ती मुलगी उठे. नव्या मुख्याध्यापकांचं नाव सरांना दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. पट्टी पहिल्या प्रार्थनेलाच कळली होती.

मी याच शाळेची पर्यवेक्षिका. इंदिरानगरातली आमची शाळा फार मोठी नाही, पण वेळापत्रक, बदली तास, परीक्षेची बैठक व्यवस्था, गॅदरिंगची क्रमपत्रिका आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या एवढं सगळं माझ्या टेबलावर असतं. मी रुजू झाले त्या दिवशी सरांनी माझा ‘नमस्कार’ डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, ‘वा! काळी दोन. बाईमाणसात क्वचित सापडते. तुम्हाला माइक लागणार नाही.’ मी ते कौतुक म्हणून घेतलं. पर्याय नव्हता, कारण तोवर ते पुढच्या माणसाच्या नमस्काराकडे वळले होते.

एकदा तपासणीला आलेले अधिकारी सकाळपासून सगळ्या स्टाफवर कडाडत होते. सर मागच्या खुर्चीवरून उठले आणि अत्यंत काळजीने म्हणाले, ‘साहेब, राग मानू नका. तुमची पट्टी काळी एक आहे आणि तुम्ही काळी चारात बोलताय. संध्याकाळपर्यंत घसा बसेल.’ मी हातातलं पेन खाली ठेवलं. आता लिहून घेण्यासारखं काही उरणार नाही अशी माझी खात्री झाली होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘आता?’ सर म्हणाले, ‘आता कसं गोड!’ उरलेली तपासणी इतक्या मऊ आवाजात झाली की भूगोलाच्या बाईंना डुलकी लागली.

बेसूर माणूस जगात अस्तित्वात नाही, ही सरांची दुसरी श्रद्धा. ‘बेसूर कोणी नसतं हो मॅडम, पट्टी चुकलेली असते,’ असं ते म्हणायचे आणि त्या हिशेबाने कोणालाच गाण्यातून काढायचे नाहीत. स्वागतगीताला आठ मुली पुरेत, असं मी दरवर्षी लिहून द्यायची आणि दरवर्षी व्यासपीठावर अख्खा वर्ग उभा असायचा. एका वर्षी तर स्वागत करणाऱ्यांनी व्यासपीठ इतकं भरलं की प्रमुख पाहुण्यांना खाली पहिल्या रांगेत पालकांमध्ये बसवावं लागलं, आणि हार घालायला मुलीला पायऱ्या उतरून यावं लागलं. मी सरांना म्हटलं, ‘सर, पाहुणे खाली आणि स्वागत वर, हे बरं दिसतं का?’ सर म्हणाले, ‘ऐकायला खालूनच बरं येतं.’

घंटा त्यांना ऐकू यायची नाही. कान तिखट होते. पिठाची गिरणी कुठल्या सुरात चालते हे ते रस्त्यावरून सांगत. पण तास संपल्याची घंटा त्यांच्या मते तालात नसायची, म्हणून ती मोजायचं कारण नव्हतं. समेवर आल्याशिवाय त्यांचा तास सुटत नसे. ताल फिरून पहिल्या मात्रेवर येतो ती सम. आणि सरांचा ताल फिरत असताना गणिताचे सर खडू हातात घेऊन दाराबाहेर उभे असत. सुरुवातीला ते माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे. पुढे पुढे मी पाहिलं, तर दाराबाहेर त्यांचा हात मांडीवर टाळी-खाली धरू लागला होता. समेवर मान हलवूनच ते वर्गात शिरत. गणिताचा अभ्यासक्रम मात्र दर वर्षी थोडा मागे राही, आणि ती नोंद माझ्याकडे होई.

पेटी मात्र ते जिवापलीकडे जपत. डबा, छत्री, चष्मा, एकदा तर स्वतःची स्कूटर शाळेत विसरून ते घरी गेलेत. पेटी कधी विसरले नाहीत. स्कूटरच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून, दोरीने बांधून ती रोज येई-जाई. पावसाळ्यात रेनकोट पेटीला, सर ओले. मुंबई नाक्यावर एकदा पोलिसाने अडवलं तेव्हा मी मागेच रिक्षात होते, म्हणून हे स्वतः पाहिलेलं सांगते. पोलिसाने विचारलं, ‘काका, हेल्मेट कुठंय?’ सर म्हणाले, ‘आहे ना,’ आणि मागे बोट दाखवलं. हेल्मेट पेटीवर बांधलेलं होतं. ‘अहो, पडलात तर डोकं कोणाचं फुटेल?’ सर म्हणाले, ‘डोकं जुनं आहे हो. पेटीचे सूर कालच लावून आणलेत.’ पोलीस हसायचं की पावती फाडायची या विचारात पडला. शेवटी त्याने हेल्मेट सोडवलं, स्वतःच्या हाताने सरांच्या डोक्यावर घातलं, बक्कल लावलं आणि म्हणाला, ‘हळू जा. पेटी पडेल.’

असा हा माणूस. कधी कोणाशी भांडला नाही, पगाराबद्दल बोलला नाही, वर्गखोली बदलली तर पेटी उचलून निमूट नव्या खोलीत गेला. म्हणून, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी सभेत सांगितलं की पुढच्या जूनपासून नववीचा संगीताचा तास काढून गणिताला द्यायचा, तेव्हा मी पेन्सिलीने वेळापत्रकात तशी खूणही करून टाकली. दहावीची तयारी नववीपासूनच हवी, हे मला पटलेलं होतं. सर मान हलवतील असं मी गृहीत धरलं होतं. सर उठून उभे राहिले.

‘साहेब, पाचवीचा काढा, सहावीचा काढा. नववीचा नको.’

अध्यक्ष दिंडोरीचे द्राक्षबागायतदार, माणूस रोखठोक. ते म्हणाले, ‘का? नववीत काय सोनं लागलंय?’

‘नववीत मुलांचा आवाज फुटतो, साहेब. कालपर्यंत गाणारं पोरगं एकदम घोगरं होतं. पोरं हसतात. ते गप्प बसतं. त्या वर्षी जो गप्प बसला तो पुढे जन्मभर म्हणतो, आपल्याला गाता येत नाही. खरडछाटणी झाल्यावर तुमची बाग कशी दिसते? नुसती खुंटं! तेव्हा बाग तोडून टाकता का?’

अध्यक्ष म्हणाले, ‘बागेचं मला शिकवू नका, सर.’ मग थोडं हसले. ‘बरं. गॅदरिंगला नववीच्या पोरांचं गाणं ठेवा. फक्त पोरांचं. ऐकतो, मग ठरवतो.’

मी क्रमपत्रिकेत ‘नववी, मुलगे, समूहगीत’ असं लिहिलं आणि मनातल्या मनात तास गणिताला देऊन टाकला. कारण मी त्या मुलांना रोज व्हरांड्यात ऐकत होते. एका वाक्यात तीन माणसं बोलल्यासारखा त्यांचा आवाज व्हायचा.

त्यातला गौरव म्हणजे तर फारच पंचाईत. मूळचा दिंडोरीकडचा, इथे मामाकडे राहून शिकणारा. पाचवीपासून शाळेची प्रार्थना तोच सांगायचा, आणि त्याचा आवाज असा होता की उशिरा येणारी मुलंही फाटकाशी थांबून ऐकत. त्या वर्षी तो फुटला. प्रार्थनेला तो मागच्या रांगेत जाऊन ओठ नुसते हलवू लागला. सरांनी त्याला माझ्या टेबलासमोरच गाठलं.

‘सर, मी नाय गात. लय फाटतो.’

‘फाटू दे की.’

‘पोरं कोंबडा म्हणतात, सर.’

‘कोंबडा पहाटे अख्खं गाव उठवतो. तुझ्यानं आमचा वॉचमन उठत नाही,’ सर म्हणाले. गौरव हसला नाही. मग सर त्याला घेऊन टेबलासमोरच्या बाकावर बसले. ‘कुंभमेळ्यासाठी सगळं नाशिक खणून ठेवलंय. मी रोज घरी जातो ना? वळसा घालून जातो. तुझा जिथे फाटेल तिथे दुसरा धरेल. त्याचा फाटेल तिथे तू.’

आणि त्यांनी गाणं तसंच बांधलं. गोदावरीवरचं गाणं, शब्द आणि चाल त्यांचीच. प्रत्येक ओळ ज्याला त्या दिवशी जमेल त्याने उचलायची, सूर वर गेला की सोडायचा, शेजाऱ्याने पकडायचा. अडचण एवढीच की आज जमणारी ओळ उद्या त्याच मुलाला जमत नसे. सर रोज सकाळी दारात उभे राहून एकेका मुलाचा ‘सा’ ऐकत आणि ओळींची वाटणी नव्याने करत. रोज नवं वेळापत्रक! मी एक करते तर मला आठवडा लागतो. मी म्हटलं, ‘सर, एकदा काय ते पक्कं करा.’ ते म्हणाले, ‘मॅडम, ती पोरंच अजून पक्की व्हायचीयत.’

गॅदरिंगच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेत. गौरवचे आईवडीलही दिंडोरीहून आले होते. मी विंगेत क्रमपत्रिका घेऊन उभी, माझ्यामागे सहावीची मुलं तोंडाला रंग लावून नाचायला अधीर. नववीचे सगळे मुलगे, लांबट हातांचे, आखूड झालेल्या पँटींचे, स्टेजवर आले. सगळे म्हणजे सगळे. सरांनी पेटी धरली. पहिली ओळ गौरवची होती, एकट्याची.

तो गायला लागला आणि चौथ्या शब्दावर आवाज फाटला. नुसता फाटला नाही, उडाला. मागच्या बाकांवरून कोणीतरी बांग दिली आणि सभागृह हसलं. गौरव थांबला. शेजाऱ्याने धरायचं ते ठिकाण नव्हतं. तिथे कोणीच तयार नव्हतं. त्याने विंगेकडे पाहिलं, आणि हा मुलगा आता इथून निघून जाणार, हे मला स्वच्छ दिसलं.

सरांनी पेटी थांबवली. माइक ओढला. ‘माफ करा,’ ते सभागृहाला म्हणाले, ‘पट्टी माझी चुकली. सकाळी याचा आवाज ऐकला होता, दुपारी परत ऐकायला हवा होता. सकाळपासून तो आणखी मोठा झालाय.’ मग त्यांनी बोटं खाली सरकवली, खालचा सूर धरला आणि गौरवकडे न बघता, जणू घरी एकटेच बसलेत अशा निवांतपणे वाजवत राहिले. घाई नाही. एकदा सूर, पुन्हा तोच सूर.

हसू थांबलं. गौरवने विंगेकडची मान वळवून पेटीकडे पाहिलं. क्रमपत्रिकेत या सगळ्याला जागा नव्हती. मग तो गायला. आधीचा तो स्वच्छ आवाज कुठेच नव्हता. हा जाड होता, खरखरीत, नवीन बुटासारखा. मध्येच पुन्हा कापला, तर शेजारच्याने झट्दिशी ओळ उचलली, त्याच्याकडून तिसऱ्याने, आणि गाणं त्या रांगेतून हातोहात पुढे गेलं, कुठे घसरत, कुठे सावरत. शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून गायली. ती सुरात होती असं मी म्हणणार नाही. समेवर मात्र आली. गणिताच्या सरांनी मान हलवलेली मी पाहिली.

नंतर चहाच्या टेबलापाशी अध्यक्ष माझ्याजवळ आले. ‘मॅडम, हे सुरात होतं का?’

‘मला त्यातलं कळत नाही, साहेब.’

‘मलाही नाही.’ त्यांनी कप बशीत ठेवला. ‘पोरगं परत गायलं, एवढं कळलं. तास राहू द्या.’

मी पेन्सिलीची खूण खोडली. मे महिन्यात सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवीन शिक्षक द्यायला अजून मंजुरी नाही. कधी येईल ते कोणी सांगत नाही. कागदोपत्री नववीचा संगीताचा तास, सोमवारचा शेवटचा, रिकामा आहे, आणि तो गणिताला द्यावा असं गणिताचे सर अधूनमधून येऊन सुचवतात. मी जूनमध्येच सरांना फोन केला होता. ‘सर, नववीचा तास आहे, पण शिकवणारं कोणी नाही.’ पलीकडून त्यांनी एकच विचारलं, ‘यंदा कितीजणांचा फुटलाय?’

आता ते दर सोमवारी येतात, पाहुणे म्हणून. सिटी बसने, पेटी मांडीवर घेऊन. स्कूटर मुलीने विकायला लावली. दिवाळीनंतर मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन जाणार आहे. त्यानंतरच्या सोमवारांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही, आणि न ठरलेलं वेळापत्रक टेबलावर ठेवायची मला सवय नाही.

तोवर सोमवारी त्या वेळेला मी दुसरं काम ठेवत नाही. ऑफिसची खिडकी उघडून बसते. संगीताच्या खोलीतून घोगरे, चिरके, मध्येच तुटणारे आवाज येत राहतात. त्याला गाणं म्हणायला धाडस लागेल. पण मी कान देऊन ऐकलंय, एकदा तर दाराशी जाऊन पाहूनही आले. वर्गात एकही मुलगा गप्प बसलेला नसतो.