खांद्यावरची झोप

ईशान, रेवा,

कायमची राहायला ये म्हणून तुमच्या बाबाने पाठवलेल्या विमानाच्या तिकिटाला मी अजून उत्तर दिलेले नाही. ते उत्तर निगडी ते चिखली एवढ्याशा प्रवासात अडकले आहे, म्हणून आधी तो प्रवास सांगते.

कमल आठवते ना? समोरच्या दारातली, तुम्हाला मांडीवर बसवून धपाटे भरवणारी. ती गेल्या वर्षी मुलाबरोबर चिखलीच्या नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर राहायला गेली. परवा तिच्या मुलाचा फोन आला. "काकू, आई रोज पहाटे खाली जाऊन गेटवर बसते. विसरायला लागलीय की काय, भीती वाटते. तुम्ही समजावा." मी समजावणार नव्हते, तिला घेऊनच येणार होते. मधली खोली झाडली, धुतलेली चादर घातली. कमल आली असती तर तुमच्या बाबाला नाही म्हणायला मला कारण मिळाले असते.

काल पहाटे धुक्यात घराखालच्या थांब्यावर उभी राहिले. पांढरी बस थांबली, माणसे उतरली, मी चढले. आत दिवे मालवलेले आणि सगळी बस झोपलेली. कुणाची मान खिडकीला, कुणाची छातीवर.

"आजी, ही कंपनीची बस हाय," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "चाकणहून रातपाळी घिऊन आलोय."

"अगबाई! उतरते मी."

"जायाचंय कुठं?"

"चिखलीला."

"मग बसा की. तिकडंच चाललोय. फकस्त हळू बोला, समदी झोपल्यात."

एका मुलीशेजारी बसले. तळवड्याजवळ धुके इतके दाट झाले की कारखान्यांचे नुसते दिवेच तरंगत होते. एका आवारात नव्याकोऱ्या मोटारी गुरांसारख्या निजलेल्या दिसल्या. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "हितं आमची जवारी असायची."

"वाईट वाटतं?"

"हुरड्याच्या दिसात वाटतं. बाकी येळ कुठंय, आजी?"

तेवढ्यात त्या मुलीचे डोके माझ्या खांद्यावर आले. केसांना तेलाचा आणि यंत्राच्या वंगणाचा मिळून वास होता. माझा उतरायचा चौक आला. ड्रायव्हरने मागे पाहिले. मी मानेनेच 'पुढे चला' सांगितले. तिला उठवणे मला जमले नाही. आजोबा गेल्यापासून माझ्या खांद्यावर कुणी झोपले नव्हते.

शेवटच्या थांब्यावर ती दचकून उठली. "अय्या, सॉरी आजी!" तिच्या मागोमाग उतरले तर समोर चिखलीच्या त्या नव्या इमारतीचे मागचे गेट, आणि तिथे खुर्चीवर, मफलर गुंडाळून, किटली घेऊन कमल.

"अश्विनी, आज डोळे लई सुजलेत गं. घे, आधी चहा घे." मग तिला मी दिसले. "सुधाताई! तुम्ही कंपनीला लागलाव का काय?"

"चुकून चढले गं."

"एवढं इंग्रजी शिकून बसवरची पाटी वाचता येईना!"

बसमधून उतरलेल्या पोरी खिदळल्या. भिंतीला टेकून चहा पीत त्यांनी सुपरवायझरची नक्कल केली, कमलने सगळ्यांना एकदा रागावून घेतले, आणि थोड्या वेळाने त्या समोरच्या खोल्यांकडे पांगल्या.

वर गेल्यावर धपाटे आणि दही खाताना मी विषय काढला. खोलीचे, चादरीचे सांगितले.

"यायला मला आवडंल ओ. पहिले चार महिने तर रोज वाटायचं, पळून निगडीला जावं. पण आता ह्या पोरी... घरात शिरल्या की लेकराचा डबा, नवऱ्याचा चहा, त्यांची दुसरी शिफ्ट चालू. मधी तेवढा घोटभर चहा त्यांचा सोताचा. मी तुमच्याकडं आले तर तो कोण देईल?"

"आणि मी?"

"तुमच्या घराखाली बस थांबत न्हाई का?" ती म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक धपाटा टाकला.

तिच्या मुलाला मी एवढेच सांगितले, "आई काही विसरलेली नाही. तिला जाड स्वेटर घेऊन दे."

परतताना सिटी बस घेतली, पाटी दोनदा वाचून. उजवा खांदा अजून उबदार वाटत होता. म्हातारपणी आपल्याला टेकायला कुणीतरी हवे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. आपल्यावर कुणी टेकावे अशीही भूक असते, आणि ती वयाबरोबर कमी होत नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. तुमच्याकडे मला सगळे मिळेल, बाळांनो. पण तिथे मला बसायला खुर्ची देतील, गेटवरची खुर्ची नाही.

मधल्या खोलीतली चादर तशीच ठेवली आहे. सुट्टीत या, ती खोली तुमची.

आज पहाटे थर्मास घेऊन खाली उतरले. धुक्यातून तीच बस आली, दार उघडले.

"आज कुठं, आजी?"

"कुठेच नाही," मी म्हटले, आणि उतरणाऱ्या पहिल्या मुलीपुढे पेला धरला.