काटेबाईंची चार नंबरची बरणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार काटेबाईंचे आहेत, आणि त्या मला आजही आवडत नाहीत. नाशिकच्या कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. काटेबाई हे नाव मुलांनी ठेवलेले. कुठलाही मासा पुढे आला की त्या एकच विचारत, "पाठीवर काटे किती?"

प्रवाळात राहणाऱ्या क्लाउनफिशच्या दोन जाती आमच्या प्रयोगशाळेत होत्या, ओसेलॅरिस आणि पर्क्युला. दोन्ही मासे मूळचे नारिंगी, दोन्हींवर तीन पांढरे पट्टे. फॉर्मालिनमध्ये वर्षानुवर्षे राहून रंग उडालेला. दोन्ही उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत. ओसेलॅरिसच्या पाठीवरच्या पंखात बहुधा अकरा काटे, पर्क्युलाच्या दहा. ते सुईने मोजायचे. कोणी रंगाचे नाव काढले की बाई म्हणत, "रंग दुकानदाराला सांग."

मोजत कोणीच नसे. लाल झाकणाची बरणी ओसेलॅरिस, निळ्या झाकणाची पर्क्युला, हे आधीच्या मुलांनी आम्हाला सांगून ठेवले होते. परीक्षेत बरण्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या झाकत, झाकणे तीच राहत.

शेवटच्या वर्षीच्या परीक्षेत बाईंनी झाकणांची अदलाबदल केली. मी लाल झाकण पाहून ओसेलॅरिस लिहिले. मोजलेस का, त्यांनी विचारले. मी हो म्हणालो, अकरा. त्यांनी मासा ताटलीत काढला आणि सगळ्यांसमोर सुई माझ्या हातात दिली. दहा भरले.

"तू नामपूरचा ना? तिथे कांदासुद्धा हातात घेऊन निवडतात," त्या म्हणाल्या. "तू झाकण बघून मासा ओळखतोस."

माझी आई कांदा निवडायला जायची. बाईंना ते ठाऊक होते.

मी नापास झालो. घरातला पहिला पदवीधर सहा महिने लांबला. आईने शेजारी सांगून ठेवले होते. ते सहा महिने मी बाईंच्याच समोर बसून प्रत्येक बरणीतले काटे मोजले. त्यांनी एकदाही शाबास म्हटले नाही. पास झाल्याचे सांगायला गेलो, तेव्हाही वहीतली एक चूक दाखवली.

आता बाई निवृत्त होऊन इगतपुरीला असतात, आणि ती प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवले.

"मॅडम, सादर नमस्कार. मी पास झाल्यानंतर आलेल्या चार नंबरच्या बरणीवर तुमच्या अक्षरात पर्क्युला लिहिले आहे. काटे अकरा आहेत. तीनदा मोजले, तिन्ही वेळा सुईने. कांद्याचे बोलणे मी विसरलेलो नाही. चिठ्ठी अजून बदललेली नाही. तुम्ही येऊन मोजा."