दहा जुलैच्या आतलं तिकीट

न्यूयॉर्कच्या अस्टोरियात माझं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे, तीस वर्षं. आमच्या ग्रीक लोकांना मोबाइलवर तिकीट काढता येतं, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून माझं पोट भरतं.

स्तामातिया मावशी त्यातलीच. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ती फाटकं-उसवलं शिवून द्यायची. वय अडुसष्ट, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तोंडाचा पट्टा मात्र अखंड सुरू.

मार्चमध्ये ती अथेन्सजवळच्या पिरेयसहून, तिच्या गावाहून आलेलं पत्र घेऊन आली. तिच्या आईची कबर भाड्याची, तिकडे बहुतेकांची असते तशी. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता दहा जुलैला कबर उघडणार होते. घरचं माणूस हजर असलं तर हाडं वाईनने धुऊन, नाव घातलेल्या पेटीत ठेवायची. नसलं तर ती सगळ्यांच्या खड्ड्यात जातात. तिथे मावशीचं कुणीही उरलं नव्हतं.

"किती रे अथेन्सचं, लेफ्तेरी?"

"जुलैचं अकराशे ऐंशी डॉलर."

"काढ मग." तिने पर्स उघडलीसुद्धा.

"थांब गं जरा. ईस्टर झाला की उतरतं दरवर्षी. दोनशे तरी वाचतील, मी सांगतो ना."

"तू सांगतोस म्हणजे उतरेलच," म्हणत तिने पैसे परत ठेवले. शहाणपणा करायची हौस मला, दुसरं काय!

ईस्टरनंतरच्या मंगळवारी ती लाल अंडी घेऊन आली. ईस्टरला आम्ही अंड्यावर अंडं आपटतो, ज्याचं टिकेल तो जिंकला; तिच्या अंड्याने माझं फुटलं तशी टाळी वाजवून हसली. "आता बघ तुझ्या त्या डबड्यात." कॉम्प्युटरवर तिकीट पंधराशे दाखवत होतं.

"मेलं तिकीट एकटंच चार माणसांचं जेवतंय," ती म्हणाली. "थांबते. तू म्हणालास ना."

मेमध्ये एकोणीसशे झाले, जूनमध्ये चोवीसशे. लोक कुरकुरत का होईना, काढत होते. मावशीच्या पर्समध्ये मार्चचेच पैसे होते. तिने हाडांसाठी पांढऱ्या कापडाची पिशवी शिवली होती, वर निळ्या दोऱ्याने आईचं नाव. वाईनची बाटली टॉवेलात गुंडाळून तयार होती. दर मंगळवारी ती दारातूनच विचारायची, "उतरलं?" मी मान हलवायचो. पुढेपुढे तिने मला टोमणे मारणंच सोडलं, तेव्हा मला भीती वाटायला लागली.

शेवटी मी म्हणालो, "वरचे पैसे मी घालतो, मावशी." हे म्हणायला मला तीन आठवडे लागले, ते लपवत नाही. तोवर दहा तारखेच्या आत पोचणारी एकही जागा उरली नव्हती. मी सगळ्या कंपन्या पालथ्या घातल्या, रोम, इस्तंबूल, सगळे फाटे शोधले.

दहा जुलैला सकाळी मी लाँड्रीत गेलो. ती कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याला टाचण्या लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिकडे आता दुपार झाली असेल. झालं असेल सगळं."

मी एक पँट उंची कमी करायला देऊन आलो. पँटची उंची बरोबरच होती.

ऑक्टोबरमध्ये मी काचेवर पाटी लावली, अथेन्स सहाशे चाळीस. कामावरून जाताना मावशी थांबली, चष्मा सारखा करून तिने आकडा वाचला आणि दार ढकललं.

"लेफ्तेरी, उतरलं बघ. तू म्हणाला होतास."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.