कोटातली माया

आमचे हे शिंपी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता छाती सांगतात. वर "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, पिशवी उजव्या हातात धरत जा" असा फुकटचा सल्लाही देतात.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी अकरा दिवस झोपलाच नाही. त्या अकरा दिवसांत यांनी पोस्टमनला न मागता कोट शिवला, एका शर्टाला सतरा खिसे लावले आणि घरातले फुलाफुलांचे पडदे उतरवून त्यांच्या विजारी कापायला घेतल्या. "जगाला खिसे कमी पडतायत!" म्हणून गल्लीभर सांगत सुटले. मला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. उरलेला पडदा मी गुंडाळून माळ्यावर टाकला, पुरावा म्हणून. मग मी आणि मुलगी, दोघींनी दोन दंड धरून यांना मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंचा पहिलाच प्रश्न, "टेन्शन येतं का?"

"वरच्या धाग्याला की खालच्या, बॉबिनच्या?" हे म्हणाले.

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. शिलाई मशिनवर धागा ताणून धरणारा स्क्रू असतो, त्याला आम्ही टेन्शनच म्हणतो, हे मी बाईंना समजावलं. बाई हुशार. म्हणाल्या, "मग असं समजा, डोक्यात डोपामिन नावाचं रसायन असतं. तुमच्याकडे सध्या तो धागा भसाभस सुटलाय. ही गोळी स्क्रू जरासा आवळते. फार आवळला तर धागा तुटेल, म्हणून किती फिरवायचा ते मी ठरवणार. तुम्ही मनाने हात लावायचा नाही."

हे एकदम खूश. इतकी वर्षं कुणी यांच्याशी यांच्या भाषेत बोललंच नव्हतं.

गोळी लागू पडली. झोप आली, पण ती जायचं नाव घेईना. टेप गळ्यात घालून हे बसल्याबसल्या पेंगायचे. तोंडाला तर अशी कोरड, की सुईत ओवायला धागा ओला करायचा तर थुंकी नाही. "अगं, जरा ओला कर," म्हणून धागा माझ्यापुढे धरायचे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर हा नवा लाड! आणि भूक? पावाचा पुडा घरात आला की तासाभरात नुसता कागद उरायचा. अडतीसची छाती चव्वेचाळीसवर गेली.

इथेच घोडं अडलं. मुलीचं लग्न ठरलं. स्वतःच्या लग्नात शिवलेला कोट तिच्या लग्नात घालणार, असा यांनी ती पाळण्यात असतानाच शब्द दिला होता. शिवणीत आत जास्तीचं कापड ठेवतात, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. यांनी कोटाची माया दोनदा सोडली. संपली. कोट छातीवर मिटेना.

लग्नाला तीन आठवडे उरले आणि हे शीळ घालायला लागले. मग पहाटेच उठून मशिनवर बसायला लागले. एका दुपारी यांनी एकाच शर्टाला तीन बाह्या कापल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. बॉबिनची डबी उघडली, तर आत नऊ गोळ्या.

"अहो, हे काय?"

"कोट बसत नाही गं. जरा बारीक होतो, मग घेतो."

"कोटासाठी डोकं घालवता? मुलीच्या लग्नात पाहुण्यांना सतरा खिसे लावत फिरायचंय का?" मी इतकी ओरडले की समोरचा कुलूपवाला दुकान सोडून धावत आला. ओरडता ओरडताच रडायला लागले, कारण मला तो माणूस हवा होता, कोट नव्हे.

त्याच संध्याकाळी बाईंकडे गेलो. त्या रागावल्या, मग ऐकून घेतलं. गोळी बदलून दुसरी दिली, भूक कमी वाढवणारी. "पण तीन आठवड्यांत छाती उतरणार नाही," असंही बजावलं.

मी घरी आले ती तरातरा माळ्यावर चढले. कोट दोन्ही बगलांतून खालपर्यंत उसवला आणि मध्ये त्या जुन्या पडद्याच्या रुंद पट्ट्या घातल्या. लाल फुलं, हिरवी पानं. हे बघत उभे राहिले. एवढंच म्हणाले, "टाका बारीक घे."

लग्नात फोटोच्या वेळी यांनी आनंदाने दोन्ही हात वर केले आणि बगलांतून बाग बाहेर आली. व्याही हसू दाबत म्हणाले, "शिंपीबुवा, कोटात हे काय?"

"आतली माया संपली," हे म्हणाले, "म्हणून हिची लावली."

आणि सगळ्यांदेखत खिशातून गोळी काढून पाण्याबरोबर गिळली.